दादाला अर्ध्यावरनं ओढलं त्या दिवशी

आधी विहिरीचं सांगते, म्हंजी पुढचं नीट कळंल.

आमची शेती भाताची आणि वरच्या तुकड्यात थोडी नाचणी. पण उन्हाळा आला की आबांच्या टोळीला भोर तालुक्यात आणि पार वेल्ह्याकडंसुद्धा विहिरींचा गाळ काढायला बोलावणं यायचं. आबा स्वतः खाली उतरायचे न्हाईत. आबा दोरावर. खाली माणूस, वर दोर धरून आबा, आणि मागं ओढायला चौघंजण. वरनं दोराला हिसका द्यायचा, खालनं उत्तराचा हिसका आला पायजे. न्हाई आला तर दुसऱ्यांदा द्यायचा. दुसऱ्यालाही न्हाई आला तर तिसरा हिसका नसतोच, थेट वर ओढायचं. खालचा आईवरनं शिव्या देत वर आला तरी चालंल, पण वर आला पायजे.

कारण जुन्या विहिरीच्या तळाला वाईट हवा साठलेली असती. माणूस चढता चढता अर्ध्यावरच थांबतो आणि त्याचे हात ढिले पडतात. आबांचा सख्खा धाकटा भाऊ, माझा चुलता, असाच गेला. तेव्हा मी जन्मलेली नव्हते. दोरावर दुसरं कुणीतरी होतं, त्याला वाटलं गडी दम खातोय. तेव्हापासनं आबांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दोर दिला न्हाई आणि टोळीतल्या प्रत्येकाला एकच सांगितलं, "मानूस अर्ध्यावर थांबला की वढायचा. इचारत बसायचं न्हाई."

माझा दादा ह्या सगळ्यातनं पळाला. मिसरूड फुटायच्या आत मुंबई गाठली, गोदीत ओझी वाहिली आणि तिथनं कसा कोण जाणे पाणबुड्यांच्या टोळीत घुसला. जहाजाच्या बुडाला काय अडकलं, नांगर हरवला, की ह्यांना खाली सोडायचं. आई म्हणायची, "बाप हिरीच्या वर ऱ्हायला, आन ह्यो बाबा दर्याच्या खाली गेला. एकाच्या बी पायाखाली जमीन न्हाई."

आणि मग झालं असं, की भोरच्या अलीकडं जे धरण आहे ना, त्याच्या खालच्या एका दरवाज्यात पावसाळ्यात वाहून आलेला ओंडका अडकून बसला. दरवाजा धड मिटेना, धड उघडेना. मुंबईच्या एका ठेकेदाराची टोळी आली आणि टोळीत कोण? आमचा दादा! संक्रांत नुकतीच झालेली, घरात तीळगूळ शिल्लक होता, आणि दादा बैलगाडीत ते सामान घेऊन दारात हजर. तांब्याचा एवढा मोठा हंडा, त्याला काचेच्या खिडक्या, रबरी अंगरखा, शिशाचे जोडे. अख्खं गाव गोळा झालं. एक म्हातारा हंड्यावर टिचकी मारून म्हणाला, "ह्यात दहा पायलीचा भात शिजंल की रं." वैनी लगेच आतनं, "शिजवायला घरी ऱ्हायला पायजे, बाबा. हे तर डोक्यात घालून फिरत्यात."

वैनी आमची पासलीची. बोलायला पक्की. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यात दादा घरी किती राहिला ते विचारू नका.

त्या रात्री जेवताना दादानं आबांना सगळं समजावून सांगितलं, कारण आबा दर वाक्याला "कशापायी?" विचारत होते. दादा म्हणाला, "आबा, पंधरा परस पाणी हाय तितं." आमच्याकडं विहिरीची खोली परसात मोजतात, एक परस म्हंजी हात वर करून उभा राहिलेला माणूस. "तितक्या खाली वरनं पंपानं हवा सोडत्यात, ती आपुन पितो. पर पाण्याचा दाब लई. त्या दाबानं हवा रगतात मुरती. भोरच्या बाजारात गोटीसोडा पिलाय न्हवं तुमी?"

"पिलोय की. नाकात जातो."

"गोटी आत ढकलली की काय व्हतं? फसाफसा बुडबुडं. गोटी घट हाय तवर एक तरी दिसतो का? न्हाई. तसंच रगताचं. खालनं एकदम वर आलो की गोटी उडाली. बुडबुडं सांध्यात अडाकत्यात, पाठीच्या मणक्यात अडाकत्यात. मानूस लुळा पडतो, न्हायतर जातो. म्हनून येताना अर्ध्यावर थांबायचं. तीन परसावर लई वेळ, मग दीड परसावर आनखी वेळ. हवा हळूहळू भायेर जाती."

"ढेकर दिऊन मोकळं व्हायचं की मग," वैनी म्हणाली. सगळे हसले. आबा हसले न्हाईत. ते म्हणाले, "अर्ध्यावर थांबायचं." नुसतं तेवढंच, जसं काय कुणी त्यांना भाताच्या खाचरात मीठ पेरायला सांगितलंय.

टोळीचा मुकादम म्हंजी कोकणातला एक पांढऱ्या मिशांचा माणूस. दादाचा दोर तोच धरायचा. पण नेमकं त्याच्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं, सुजून टोमॅटो. दोर धरणंच शक्य न्हाई. टोळीतली बाकीची माणसं म्हंजी पंप फिरवायला आमच्याच गावातनं, आबांच्या टोळीतनं घेतलेले चौघं. मग दोर कुणी धरायचा?

दादा म्हणाला, "आबा हायेत की. तालुक्यात त्यांच्याइतका दोरावरला मानूस दावा."

मुकादमानं आबांना खुणा शिकवल्या. एक हिसका, ठीक आहेस का. उत्तराला एक हिसका, ठीक आहे. दोन, थोडं वर घ्या. चार, लगेच ओढा. विहिरीच्या खुणांपेक्षा फार वेगळं काही न्हाई. आबांनी दोर हातात घेतला, एकदा वजन बघितलं आणि मान हलवली. दादा हंडा घालायच्या आधी हसून म्हणाला, "आता मला काळजी न्हाई."

पहिले दिवस छान गेले. धरणाच्या भिंतीलगत रिकामी पिंपं बांधून तराफा केला होता, त्यावर पंप. पंप म्हंजी एक मोठी लाकडी पेटी, दोन्ही बाजूंना चाक आणि दांडा. आम्ही बायका काठावर भाकरी घेऊन बसायचो. तराफा इतका जवळ की तिथं कुणी खोकलं तरी ऐकू यायचं. दादा खाली जायचा, करवतीनं ओंडका कापायचा, पाण्यावर नुसते बुडबुडे दिसायचे. वर येताना थांबायचा, तेव्हा मुकादम आबांच्या शेजारी उभा राहून बडबड करत राहायचा. त्याची मिठागरं, त्याची मासळी. म्हंजी आबांचं लक्ष गुंतून राहावं. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटायचं किती बोलतो हा माणूस!

तर तो दिवस. ओंडक्याचा शेवटचा तुकडा राहिला होता, दादा नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहिला. तुकडा सुटला, खालनं आनंदाचे हिसके आले, आणि आबांनी त्याला तीन परसावर आणून थांबवला. तितक्यात मुकादमाचा अंगठा ठणकायला लागला. घामानं भिजला बिचारा. आई काठावरनं ओरडली, "आवं मुकादम, इकडं या, पोटीस बांधते. जवसाचं गरम पीठ हाय." मुकादम आबांना म्हणाला, "आता त्याला इथंच ठेवायचा. मी आलोच." आणि होडीतनं काठाला आला.

आई त्याच्या अंगठ्यावर पोटीस बांधत होती, वैनी फडकं फाडत होती. मी तराफ्याकडं बघत होते. आबांनी हिसका दिलेला मी बघितला. आबा थांबले. मान जरा वाकडी केली, कानानं ऐकायचं असल्यासारखी. परत हिसका दिला. मग त्यांच्या पाठीचा रंगच बदलला, म्हंजी रंग न्हाई, पण काहीतरी बदललं, मला लांबनं दिसलं.

"वढा!" आबा ओरडले. "वढा रं! थांबलाय त्यो! हात ढिलं पडलं! वढा!"

मुकादम उठला तो पोटिसाचं भांडं सांडून. "नको! सोडा त्याला! ओढू नका!"

पण तराफ्यावरच्या चौघांनी वर्षानुवर्षं आबांचं तेच ऐकलेलं. दोघं पंपावर राहिले, दोघं दोराला लागले आणि एका दमात हंडा पाण्यावर! आबांनी स्वतः त्याला फळीवर ओढलं, स्वतः पुढची काच फिरवून काढली. आत दादाचं तोंड, जिवंत, डोळे हे एवढे मोठे.

"का वढलं, आबा?"

"तू... तू बोलंना झालास."

"दोराला तिडा पडला हुता. उतरायला वजन बांधून सोडलेला दुसरा दोर हाय न्हवं, त्याला गुतला. तुमचा हिसका आलाच न्हाई मला."

आबा मटकन खाली बसले आणि हसायला लागले. खरंच हसत होते. त्यांचा माणूस वर आला होता ना.

मुकादम होडीतनं पोचला. त्याच्यामागं वैनी आणि मी पण चढलो, कुणी अडवायच्या आत. मुकादम तसाच दादापाशी गुडघ्यावर बसला. तो दादाला म्हणाला, "परत खाली. आत्ता. काच लाव."

दादा म्हणाला, "मुकादम, जरा च्या तर पिऊ द्या. बरा हाय मी. काय न्हाई होत."

"काही न्हाई होत म्हणणारे मी बघितलेत. लाव काच."

"आवं, लगवी तर—"

आणि तो वाक्य पुरं करायच्या आधीच थांबला. खांदा धरला. मग गुडघा. आधी हसण्यावारी नेत म्हणाला, "कुणीतरी सुई खुपसतंय." मग अंगाला खाज सुटली म्हणाला. मग उठून उभा राहायला गेला, आणि शिशाच्या जोड्यांतले ते पाय हललेच न्हाईत. त्यानं खाली बघितलं, जसं काय ते पाय दुसऱ्या कुणाचे आहेत. "मुकादम," तो एकदम बारीक आवाजात म्हणाला, "कमरेखाली कळंना झालंय."

आबांचं हसू तिथंच राहिलं तोंडावर, पुसायला विसरल्यासारखं.

मुकादम भराभर बोलायला लागला. सोड्याची गोटी उडालीय. बुडबुडे मणक्यात आहेत. मुंबईला एक लोखंडी कोठी असती, आत माणसाला ठेवून हवेचा दाब देतात. पण मुंबई कुठं आणि आपण कुठं, घाट उतरून पोचेपर्यंत ह्याचं काही उरायचं न्हाई. एकच उपाय, परत खाली दाबात नेऊन बुडबुडे बारीक करायचे, आणि मग अगदी सावकाश वर आणायचं. अंधार पडेपर्यंत लागंल.

काठावरनं आई किंचाळली, "आत्ता वाचला न्हवं त्यो! पान्यातनं सुटला आन परत पान्यात घालता? भाईर आना माझ्या लेकराला, शेकू द्या!" आणि पंपावरच्या चौघांतला सगळ्यात म्हातारा दांडा सोडून मागं सरला. "आसरांनी धरलंय त्याला," तो म्हणाला. "पान्यातल्या आसरा हायेत त्या. त्यांच्या तावडीतनं आलाय, पाय तेवढं ठेवून घेतलं. परत सोडला तर समदाच ठेवून घेत्याल. मी न्हाई हात लावायचो. पाप लागंल." दुसरा त्याच्या बाजूला सरकला. राहिले दोघं, आणि ते सकाळपासनं फिरवून फिरवून मेलेले.

मुकादम ओरडला, "चार माणसं नसतील तर हवा पोचायची न्हाई खाली!"

दादा फळीवर आडवा, ओठ चावत. आणि वैनीनं पदर खोचला.

"वन्सं," ती मला म्हणाली, "त्या बाजूचा दांडा धरा."

म्हातारा म्हणाला, "बाईमानसाचं काम हाय व्हय ते?"

"पासलीला तिघी तिघी एका उखळात मुसळ चालवतो आमी. एकीची चाल चुकली तर दुसरीचा हात फुटतो. तुमचं ह्ये चाक बरं, निदान डोक्यात तरी पडत न्हाई." मग आबांकडं वळून, पण खाली बघत, "मामंजी, सोडा त्यास्नी खाली."

आबा म्हणाले, "दोर दुसऱ्याला द्या. म्या न्हाई धरायचा आता."

मुकादमाला पण तेच हवं होतं, दिसत होतं. पण दादा आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "दोर आबाच धरत्याल. माज्या वजनाची पारख त्यांनाच हाय. आबा, आईका. मी थांबलो तर थांबू द्या."

आम्ही पंपाला लागलो तशी काच लावली. एकदा स्क्रू फिरला आणि त्याचा आवाज बंद. आबांनी आणि मुकादमानं धरून त्याला कडेला नेला, पाय पोत्यासारखे लोंबत होते, आणि सोडला. हंडा हिरव्या पाण्यात पिवळा दिसला, मग तपकिरी, मग न्हाईच.

पंपाच्या एका दांड्याला वैनी आणि एक गडी, दुसऱ्याला मी आणि एक गडी. बापरे! पहिल्या दहा फेऱ्यांत वाटलं खांदे निखळले. वैनी म्हणाली, "वन्सं, हातानं वढू नगा, अंग घाला. कांडताना घालता तसं." आणि ती तोंडानं हूं, हूं करत चाल धरायला लागली. काहीच शब्द न्हाईत, नुसतं कांडणाचं हूं. मी तिच्या हूंवर अंग टाकायला लागले आणि खरंच जमलं. मुकादम पंपाच्या काट्याकडं बघून म्हणाला, "असंच. ह्याहून जास्त नको, कमी नको."

आठ परसावर गेल्यावर खालनं एक हिसका आला. मग थोड्या वेळानं लागोपाठ तीन हिसके, मुकादमानं जाताना ठरवून दिलेली खूण, म्हंजी दुखणं कमी झालंय. आबांनी डोळे मिटले आणि उघडले. मुकादम म्हणाला, "दाबानं बुडबुडे बारीक झाले. आता खरं काम. इथनं वर जायची घाई केली तर परत तेच."

दुपार सरायला लागली. वारा सुटला. मला थांबता येईना तेव्हा म्हातारा पुढं आला, तोच. माझ्या हातातनं दांडा घेतला. मी खाली बसले तर माझी बोटं मिटतच नव्हती. वैनीला कुणी बदली करू म्हटलं तर ती नुसती मान हलवायची आणि हूं, हूं. तिच्या दांड्याला रक्ताचे डाग होते. डॉक्टर आणायला सायकलवरनं भोरला धाडलेला पोरगा काठाला परत आला आणि ओरडून सांगायला लागला, डॉक्टर हिर्डोशीकडं बाळंतपणाला गेलाय, एसटी उद्याच, निरोप ठेवलाय.

सहा परस. पाच. चार. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, आणि प्रत्येक वेळी आबांचा हिसका, खालनं उत्तर. मी आबांच्या हातांकडं बघत होते. विहिरीवर ते दोर कसा धरायचे, सैल, जसं काय बैलाची वेसण. आता मुठी अशा आवळलेल्या की शिरा वर आलेल्या.

तीन परसावर आला. तीच जागा.

आबांनी हिसका दिला. उत्तर आलं. खूप वेळ गेला. परत दिला, परत आलं. वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठत होत्या, ऊन भिंतीवरनं सरकून पार वर गेलं होतं, आणि पाणी काळं दिसायला लागलं होतं.

आबांनी हिसका दिला. काही न्हाई.

मी उभी राहिले. आबांनी दुसरा दिला, जरा जोरात. काही न्हाई. मागं रिकामा उभा असलेला गडी आपोआप दोराला सरसावला. सवयच तशी. आबांच्या तोंडातनं "व" एवढाच आवाज निघाला, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"मुकादम," ते म्हणाले, "माजं हात धरा."

मुकादमानं पोटीस बांधलेला आणि दुसरा, दोन्ही हात आबांच्या मुठींवर ठेवले.

"मामंजी?" वैनीची पाठ पाण्याकडं होती, तिला काही दिसत नव्हतं. "मामंजी, काय झालं?"

"काय न्हाई पोरी. फिरव तू."

"उत्तार आलं का?"

"फिरव म्हनलं न्हवं!"

मुकादम हळूच म्हणाला, "बुडबुडे बघा. दोर सोडा मनातनं, बुडबुडे बघा. एकसारखे येत राहिले तर तो शुद्धीत न्हाई. हंड्यातली जादा हवा सोडायला आत एक झडप असते, डोक्यानं दाबायची. तो दाबत असंल तर बुडबुडे थांबून थांबून फस्सकन येतील."

पंपावरचे सोडून आम्ही सगळे कडेला वाकलो. बुडबुडे येत होते. एकसारखे. लाटेनं फुटत होते, परत येत होते, एकसारखे. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर कुठल्या देवाचं ते सुचेना. काठावर आई उभी होती, तिनं आम्हाला कडेला वाकलेलं बघितलं असणार, कारण तिनं तोंडात पदर कोंबला.

"धाकट्याला बी असंच बघत बसलं हुतं," आबा म्हणाले, मुकादमाला न्हाई, कुणालाच न्हाई. "बघत बसलं हुतं समदी."

"ही विहीर न्हाई," मुकादम म्हणाला. "ओढलात तर नक्की जाईल. न ओढलात तर कदाचित."

"व्हय."

"बघा."

आणि बुडबुडे थांबले. एकदम थांबले, पाणी रिकामं. वैनीची हूं चालूच. मग फस्सकन मोठा लोट वर आला. परत थांबले. परत फस्स. परत थांबले, परत फस्स!

"दाबतोय!" मुकादम इतका मोठ्यानं ओरडला की धरणाच्या भिंतीवरनं आवाज परत आला. "डोक्यानं दाबतोय, लबाड! बोटं गारठली असणार, दोर ओढवत न्हाई. शुद्धीत आहे!"

वैनीनं चाल न चुकवता विचारलं, "जिता हायेत न्हवं?"

"जिता हाय," आबा म्हणाले. "फिरव."

त्यानंतर दीड परसावर पण तसंच थांबलो. आबा दोराला हिसकाच देईनात, नुसते पाण्याकडं टक लावून फस्स मोजत होते. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा मुकादमानं हात काढले आणि म्हणाला, "आता घ्या. सावकाश." आबांनी इतक्या सावकाश घेतला की मलाच ओरडावंसं वाटलं.

काच काढली तेव्हा दादाचे ओठ निळे होते आणि दात वाजत होते. पहिलं काय बोलला? "हिला सांगा, हवेला भाकरीचा वास येत हुता." वैनी पंपावरनं खाली बसली होती, हात मांडीवर उताणे टाकून, आणि ती रडतेय की हसतेय कळत नव्हतं. "सकाळपासनं पिठाचंच हात हायेत माजं," ती म्हणाली.

आबांनी स्वतः शिशाचे जोडे सोडले. दादाच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटला. "कळतंय?"

"व्हय."

डावा चिमटला. दादानं खाली वाकून पायाकडं बघितलं. आबांनी परत चिमटला, जोरात.

"आबा, कळतंय. पर लांबनं. दुसऱ्या गावात कुणी चिमटल्यावानी."

मुकादम म्हणाला तो पाय आणखी सुधारंल, थोडाफार. खरंच सुधारला, पण पूर्ण न्हाई. दादा डावा पाय जरा फरफटतच चालतो अजून, आणि मुंबईला परत गेला न्हाई. तो आणि आबा त्याबद्दल फारसं बोलत न्हाईत. दादानं आबांना कधी काही ऐकवलं न्हाई, हे मात्र मी घरात राहून सांगते.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. होडी काठाला लागली. दोघांनी दादाला उचलायला हात पुढं केले, तर तो म्हणाला, मी चालतो. एक पाय टाकला, तो धरला. डावा टाकायला गेला तर तो आलाच न्हाई लवकर. तो उभा राहिला, चिखलात, एका पायावर, अर्ध्यावर. आई घोंगडं घेऊन धावली, "आवं धरा की त्याला! उचला! गारठून मरंल माझं लेकरू, लवकर आना!" माणसं पुढं सरसावली.

आबा मधे उभे राहिले. त्यांनी घोंगडं आईच्या हातनं घेऊन दादाच्या अंगावर टाकलं, आणि बाजूला झाले.

"थांबलाय तर थांबू द्या त्याला," ते म्हणाले. "यील त्यो."

आम्ही सगळे तिथं उभे राहिलो. दादानं डावा पाय उचलायला जरा वेळ घेतला. मग उचलला.